चौथा हातमोजा

तुम्ही खोटं लिहिलंत. "नूरजहान सोलकर हिने मुखवटा काढला होता," असं अहवालात ठोकून तुम्ही तिला कामावरून काढलंत. ती तेव्हा दवाखान्यात श्वासासाठी तडफडत होती.

रत्नागिरीच्या तुमच्या मासळीच्या शीतगृहात गारव्यासाठी नवा शीतवायू आला, तेव्हा मुखवट्यांत गाळणीही नवी आली. आकारयंत्र रेणूचा आकार आधीच सांगणार, त्याच आकाराच्या खोबणी गाळणीत कोरणार, वायू खोबणीत अडकणार आणि माणूस सुखरूप राहणार. यंत्राने सांगितलं, रेणू सपाट आहे. मधे एक अणू, भोवती तीन, एकमेकांशी एकशेवीस अंशांवर. मग एके दिवशी वायू गळला आणि मुखवट्यातल्या गाळणीतून थेट नूरजहानच्या छातीत गेला.

नूरजहानची नणंद हसीना तिथेच कोळंबी सोलायची. रसायनशास्त्राची पुस्तकं तिने जेवणाच्या सुट्टीत एकटीने वाचून काढली होती. चौकशीच्या दिवशी ती रबरी हातमोजे घेऊन कंपनीच्या साहेबांपुढे उभी राहिली.

"फुगवा."

"काय?"

"फुगवा, साहेब. तुमच्यात दम आहे. भाबीत उरला नाही."

मागच्या बायका खिदळल्या. साहेब लाल झाले, पण त्यांनी मोजे फुगवले. हसीनाने तीन मोजे मनगटांशी एकत्र बांधले. एकमेकांना ढकलत ते टेबलावर सपाट पसरले.

"हे तुमच्या यंत्राचं उत्तर. इलेक्ट्रॉनच्या जोड्या अशाच एकमेकींपासून लांब पळतात. पण मधल्या अणूकडे चौथी जोडी आहे. तिने कुठल्याच अणूचा हात धरलेला नाही. म्हणून तुमच्या माणसाने ती यंत्रात भरलीच नाही. बिनकामाची समजून सोडून दिली."

तिने चौथा, सगळ्यांत टम्म मोजा वर बांधला. तिन्ही मोजे खाली झुकले. चकतीची तिपाई झाली.

"आता ही बसवा तुमच्या सपाट खोबणीत!"

चौथी जोडी भरून यंत्र तिथल्या तिथे पुन्हा चालवलं. पडद्यावर तिपाईच उमटली. कोन एकशेसात अंश.

अकराव्या दिवशी नव्या गाळण्या आल्या. त्यांतून वायू सोडला. जुन्या गाळणीमागे निळा पडलेला परीक्षा-कागद इथे पांढराच राहिला. बायकांनी असा गलका केला की जेटीवरचे खलाशी धावत आले. नूरजहान आता मधे न थांबता जिना चढते आणि वर पोचून हसीनाला हुकूम सोडते, "मास्तरीणबाई, पाणी आण!"

अहवालातलं ते वाक्य मात्र अजून तसंच आहे. मुखवटा तिच्या तोंडावरच होता. चौथी जोडी तुम्ही गाळलीत. मग तिच्या माथी दोष मारणारं वाक्य तुमच्यापैकी कुणी लिहिलं? नाव सांगा.