गेनजिरोची नोट

होनोलुलूच्या स्मशानात मी तीस वर्षं भट्टी सांभाळली. मेलेल्यांनी मला कधी त्रास दिला नाही. दिला तो जिवंतांनी. एका दुपारचं मात्र अजून कोडं आहे.

जपानशी युद्धाचं पहिलं वर्ष. जपानी फौजेने आमची हवाई बेटं घेतलीच तर पैसा तिच्या हाती पडू नये, म्हणून सरकारने जुन्या नोटा परत मागवल्या आणि ‘हवाई’ असा ठसा मारलेल्या नव्या दिल्या. जुन्या जाळायला आमची भट्टी घेतली. एक कपटाही उडू नये म्हणून धुराड्यावर बारीक जाळी बसवली. देखरेखीवरचे साहेब म्हणाले, “कायपो, आता श्रीमंतांचीच प्रेतं जाळायची!”

त्या दुपारी साहेब जेवायला गेले आणि मागच्या फाटकाशी मित्सुयोमावशी दिसली. आमच्याच गल्लीतली, जपानी कोळ्याची बायको. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेनजिरो होडीसकट बुडाला. अस्थीसुद्धा मिळाल्या नाहीत. शेवटच्या पहाटे त्याने हातावर ठेवलेली पाच डॉलरची नोट तिने देव्हाऱ्यात ठेवली होती. रोज तिच्यापुढे भात ठेवायची. पण जपानी बाईच्या घरात जुनी नोट सापडली तर धडगत नव्हती, म्हणून ती नोटही देऊन आली होती.

“आज जळली असेल का रे ती?”

“मावशी, गठ्ठेच्या गठ्ठे जातात आत. कुणाची कुठली, कसं कळणार?”

“मग चिमूटभर राख दे. कसलीही. थडग्यात काहीतरी हवं ना... नाहीतर ते घर शोधत फिरत राहतील.”

“बदली नोट मिळाली ना? ती ठेव.”

“तिला मासळीचा वास नाही, बाळा.”

मी भट्टीतलं राखेचं ताट बाहेर ओढलं. नोटांची राख फोडून टाकायची असा हुकूम होता, पण हाताची सवय. प्रेताची काढावी तशी मी ती अलगद काढली. मावशीने ओच्यातून जेवायच्या काड्यांच्या दोन जोड्या काढल्या. जपान्यांत अस्थी दोघांनी मिळून अशा काड्यांनी उचलायच्या असतात. मी शेकडो वेळा पाहिलं होतं, काडी कधी धरली नव्हती.

करड्या पापुद्र्यांच्या तळाशी पांढरं काहीतरी होतं. करंगळीच्या पेराएवढं. मानेतलं हाड. त्यात बसलेला बुद्ध दिसतो, म्हणून ते लोक ते सगळ्यात शेवटी उचलतात. आदल्या कुणाचं राहिलं म्हणावं, तर सकाळी ताट मीच घासलेलं.

“कायपो... तुलाही दिसतंय ना?”

“दिसतंय, मावशी...”

ती डोळे पुसत हाडालाच म्हणाली, “आलात? जेवायला तरी कधी वेळेवर आला होतात!”

दोघांनी मिळून ते उचललं. तिने आणलेल्या चहाच्या डब्यात ठेवताना माझी काडी घसरली आणि मी हाताने सावरलं. सकाळभर पेटलेल्या भट्टीतलं ते, बोटं पोळायला हवी होती. पण हाड गार होतं. आणि ओलं.

डबा छातीशी धरून मावशी गेली. मी फाटक लावलं, आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं आणि बोट जिभेला लावलं.

खारट होतं.