स्पंदराळेची पलटण

रविवारी दुपारी जेवणं उरकली, की उद्यमनगरातल्या सुतारांच्या छोट्या कारखान्याच्या माडीवर युद्ध सुरू व्हायचं. मोठ्या टेबलावर थर्माकोलचा आणि प्लास्टरचा सह्याद्री पसरलेला असायचा. कडे, खिंडी, कोरडे ओढे आणि त्यांवर बोटभर उंचीची दोन सैन्यं. एका बाजूला वैजयंता सुतार, दुसऱ्या बाजूला तिचा थोरला भाऊ उत्तम.

वैजयंतानं आपला घोडेस्वार खिंडीच्या तोंडाशी नेऊन ठेवला आणि ती म्हणाली, "दादा, माझं झालं."

उत्तमनं हात पुढे केला. काचबिंदूनं त्याची दृष्टी गेल्याला बराच काळ लोटला होता. बोटं कड्यावरून खाली उतरली, खिंडीत शिरली आणि घोडेस्वारावर येऊन थांबली. त्यानं तो चिमटीत धरला. तो पुतळा त्याच्या बोटांत हलकेच धडधडत होता. ठक, ठक, ठक, अगदी चिमणीचं पिल्लू धरल्यासारखा.

उत्तम हसला. "ही हूल हाय. खरी फौज तू ओढ्याकडनं आणतीयास."

वैजयंतानं कपाळाला हात लावला. त्या खेळाची सगळी गंमत हुलीतच होती. काही तुकड्या खऱ्या, काही नुसत्याच दाखवायच्या, आणि कुठली कोणती याची खूण पुतळ्याच्या बैठकीखाली लपवलेली. ती उलटून बघायची परवानगी नव्हती. तरी गेले कित्येक रविवार दादा तिची प्रत्येक हूल ओळखत होता.

पूर्वी असं नव्हतं. उत्तम फाउंड्रीसाठी लाकडी नमुने घडवायचा. वैजयंता त्याच्याच हाताखाली शिकली आणि पुढे या युद्धखेळाच्या छोट्या पुतळ्यांकडे वळली. तिचे मावळे, तोफा, उंट देशभरचे हौशी खेळाडू मागवायचे. तिचा पहिला प्रतिस्पर्धी मात्र दादाच. भावजय गेल्यावर दोघांचं एकच घर झालं होतं, आणि रविवारची लढाई हा त्या घराचा सण होता.

डोळे गेल्यावर उत्तमनं खेळ सोडला. पुतळे बोटांनी ओळखता येत होते, पण समोरच्यानं आता कुठला हलवला हे कळायला प्रत्येक वेळी सगळा पट चाचपावा लागे. त्यात निम्मं सैन्य आडवं व्हायचं. "तू खेळ दुसऱ्या कुनाबरं," एवढंच म्हणून तो खाली रेडिओपाशी जाऊन बसू लागला. वैजयंताला ते बघवेना.

तेव्हा तेजस्विनी कदम मदतीला आली. ती गल्लीतलीच, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करणारी, आणि खेळाची शौकीन. पुलांना गेलेले तडे ओळखण्यासाठी तिच्या गटानं एक भुकटी बनवली होती. भुकटीचे कण दाबले की त्यांच्यात वीज उमटे, आणि उलट त्यांना वीज दिली की ते किंचित आकुंचन पावत.

"मावशी, ही तुमच्या रेझिनमध्ये मिसळून बघा," तेजस्विनी म्हणाली. "आणि सोबत ही तिळाएवढी चकती. पुतळा हातात धरला की बोटातली नाडी चकतीत नोंदली जाईल. खाली ठेवला की थोडा वेळ तीच धडधड तो परत देत राहील. तेवढ्या वेळात नवं काही नोंदणार नाही. हाताची ऊब एवढीच त्याला ऊर्जा."

"म्हंजे मी हलवलेला पुतळा दादाला जिवंत लागणार?"

"तोच तेवढा. बाकीचे गप्प."

सांगायला सोपं होतं, करायला नाही. रेझिन म्हणजे कारखान्यात बनलेली राळच. दोन द्रव एकत्र केले की काही मिनिटांत घट्ट होणारी. तेवढ्यात भुकटी तळाशी बसायची. पहिल्या मावळ्यांचे पाय दगडासारखे जड झाले आणि डोकी पोकळ राहिली. पुढच्या खेपेला चकतीभोवती हवेचे बुडबुडे अडकले. मग वैजयंतानं साचाच नव्यानं करायचं ठरवलं. मूळ मूर्ती तिनं अर्धी मातीत रोवली, कडेनं भिंत उभारली, निर्वात पात्रात ठेवून सिलिकॉनमधली हवा काढली आणि त्याची बारीक धार मूर्तीवर सोडली. दुसऱ्या दिवशी बघते तर सिलिकॉन मूर्तीभोवती चिकटच राहिलेलं, काकवीसारखं.

उत्तम जिन्याशी उभा राहून वास घेत होता. "माती कुठली वापरलीस?"

"नेहमीचीच. बाजारातली रंगीत."

"त्यात गंधक असतंय. तुजं हे नवं सिलिकॉन गंधकाला रुसत असंल."

वैजयंतानं माती बदलली. साचा रबरासारखा लवचिक आणि स्वच्छ निघाला. भुकटी तळाशी बसू नये म्हणून राळ घट्ट होईपर्यंत साचा सारखा उलटसुलट फिरवत राहायची युक्तीही उत्तमचीच. तो रेडिओपासून कधी उठला आणि पुन्हा कामाला कधी लागला, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. साच्याचे दोन भाग उघडून पहिला पुरा घोडेस्वार बाहेर आला, तेव्हा वैजयंतानं शिवणीवरची पातळ किनार पात्यानं खरवडली, पुतळा क्षणभर मुठीत धरला आणि दादाच्या हातावर ठेवला.

उत्तमनं तो दोन्ही तळव्यांत धरला. मग म्हणाला, "वैजू, ही तुजी नाडी हाय व्हय गं? तू बारकी असताना खांद्यावर झोपायचीस, तवा अशीच लागायची पाठीला."

त्या राळेला तेजस्विनीनं नाव दिलं, स्पंदराळ. सगळी पलटण पुन्हा ओतली गेली आणि रविवार परत आले.

आणि आता दादा सारखा जिंकत होता. खिंडीतली हूल ओळखली गेली त्या दुपारी वैजयंतानं हात टेबलावर ठेवून विचारलं, "खरं सांग, कसं ओळखतोस?"

"तू हूल देतीस तवा तुजी धडधड वाढतीय. खरी फौज हलवताना संथ असतीस."

"ही चोरी झाली, दादा!"

"चोरी कसली? तू माजं तोंड बघत खेळतीस. मी काय बघू?"

वैजयंता हसत सुटली. त्यानंतर हूल देताना ती श्वास रोखून बघे, मनात पाढे म्हणून बघे. उत्तम प्रत्येक वेळी ओळखायचा आणि मिशीत हसायचा.

पावसाळा सरला तशी एक विचित्र गोष्ट घडू लागली. वैजयंतानं ठेवलेली तोफ उत्तमच्या बोटांत धडधडत होती आणि मध्येच थांबली. एवढा वेळ, की ती मेली असं त्याला वाटलं. मग पुन्हा सुरू झाली.

"ह्या तोफेत खोट हाय," तो म्हणाला.

"बुडबुडा राहिला असेल." वैजयंतानं तोफ बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवशी नवी ओतली. या वेळी दाबपात्रात ठेवून, एकही बुडबुडा राहणार नाही अशी. पण नवी तोफही थांबली. त्याच दिवशी घोडेस्वारही थांबला.

पुढच्या रविवारी तेजस्विनी खेळायला आली होती. उत्तमनं मुद्दाम तिला ती तोफ हलवायला लावली आणि चिमटीत धरली. धडधड अखंड होती. त्यानं मग वैजयंताला तीच तोफ परत मागे घ्यायला सांगितली. तोफ चालली, अडखळली, थांबली.

उत्तमनं ती हळूच खाली ठेवली. खोट तोफेत नव्हती. तेजस्विनी गेल्यावर त्यानं विचारलं,

"वैजू, तुला चक्कर येती का?"

"नाही."

"परवा खाली काय आपटलं?"

"डबा पडला, सांगितलं की."

"डबा पडल्यावर वाजतोय. ते वाजलं न्हाई, धपकन आलं."

वैजयंता खिडकीपाशी गेली. खरं तर ती दोनदा पडली होती. एकदा साच्यांच्या फळीपाशी, एकदा मोरीत. डोळ्यांपुढे क्षणभर अंधार यायचा आणि जायचा. "काही नाही रे ते. वय झालं. मी दवाखान्यात जाऊन पडले तर तुझं कोण करणार?"

"म्हंजे माज्यासाठी लपवलंस?"

"तसं नव्हे."

"तसंच हाय!" उत्तम उसळला. त्यानं हातानं चाचपत तिची बाजू गाठली आणि एकेक पुतळा उचलून पेटीत टाकायला सुरुवात केली. "तू डागदराकडं जाईपातूर हा पट मांडायचा न्हाई. माजं कोन करनार म्हनं! तुला काय झालं तर मग कोन करनार, ते सांग की."

"हळू ठेव, भाले मोडतील."

"मोडू देत!"

एक भाला खरंच मोडला. वैजयंतानं तो तुकडा उचलला आणि तिथेच स्टुलावर बसून रडली. उत्तमनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

सकाळी तेजस्विनीनं दोघांना गाडीतून हृदयरोगाच्या दवाखान्यात नेलं. छातीला चिकटवलेल्या यंत्रानं दिवसभराचा आलेख काढला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि समजावून सांगणाऱ्या होत्या. "हृदयात एक छोटीशी जागा असते, ती ठोक्यांचा ताल धरते. तुमची ती जागा मधूनमधून विसरतेय. फार लांबलं असतं तर एखाद्या वेळी तुम्ही पडल्यावर उठला नसतात. हे लक्षात कुणाच्या आलं?"

"दादाच्या," वैजयंता म्हणाली. "तोफेमुळे."

डॉक्टरीणबाईंना ते नीट समजावून सांगायला तेजस्विनीला बराच वेळ लागला. समजल्यावर त्यांनी स्वतः एक मावळा हातात धरून बघितला आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून आणलं.

वैजयंताच्या डाव्या खांद्याजवळ, गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर बसवला गेला. ती दवाखान्यात होती तेव्हा उत्तम तेजस्विनीच्या घरी राहिला, आणि रोज तिच्या उशाशी येऊन बसला. येताना पुतळा मात्र आणत नव्हता. तिचा हातच हातात धरायचा.

इकडे दवाखान्यातली गोष्ट पसरून तेजस्विनीकडे विचारणा सुरू झाली होती. म्हाताऱ्या आईवडिलांपासून लांब राहणाऱ्यांना असे पुतळे हवे होते. आधीच स्पंदराळेची पलटण घेतलेल्या एका खेळाडूनं मात्र ती परत पाठवली. आपल्या मनातलं बायकोला फार कळू लागलंय, असं त्यानं फोनवर सांगितलं. वैजयंता ते ऐकून हसली, पण नवीन मागण्या घेताना ती प्रत्येकाला आधी विचारू लागली, की समोर खेळणाऱ्यालाही हे माहीत आहे ना?

ती बरी झाल्यावर माडीवर पुन्हा पट मांडला. वैजयंतानं एक तुकडी कड्याच्या आडोशानं नेली आणि हात मागे घेतला.

उत्तमनं त्या तुकडीचा सरदार चिमटीत धरला. धडधड सुरू होती. संथ, सारखी, कुठेही न अडखळणारी. त्यानं कान लावल्यासारखी मान कलती केली. आणखी थोडा वेळ धरला. "खरी फौज," तो म्हणाला आणि आपले सगळे भालाईत तिकडे वळवले.

"हूल!" वैजयंता ओरडलीच. तिची खरी फौज ओढ्यातून वर आली आणि दादाची तोफ घेऊन गेली. बसल्या जागी तिचं हृदय आता यंत्राच्या तालावर चालत होतं. मनातली धांदल त्या तालापर्यंत पोचतच नव्हती.

उत्तमला हे उमगलं तेव्हा तो खो खो हसला. कित्येक महिन्यांनी हरला होता आणि त्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. मग तो हळूहळू शांत झाला. सरदार अजून त्याच्या हातातच होता.

"दुखतंय का अजून? टाक्यापाशी?"

वैजयंतानं इतका वेळ आखडून धरलेला डावा खांदा जरा सैल सोडला. "नाही. बरी आहे मी."

पुतळ्याची धडधड तशीच होती, एका चालीची. उत्तमनं तो टेबलावर ठेवला, बाजूला सारला आणि तिच्या आवाजाच्या दिशेनं चेहरा वळवला.

"वैजू," तो म्हणाला, "आता तू बोलशील त्यावरच इस्वास ठेवायचा. मग मला खरं सांगशील न्हवं?"