उजव्या टोकाचं बटण

माळ्यावरून जुना कॉम्प्युटर खाली काढला तेव्हा धाकटीच्या केसांत इतकी जळमटं होती की बाबांचं करायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, आधी आंघोळ करा, मग करा काय ती खटपट." पण धाकटीला एकदा खूळ लागलं की तिला तहानभुकेची शुद्ध राहत नाही. दादा तर तिला लहानपणापासून 'खटपटे' म्हणूनच हाक मारायचा. तिने ओल्या फडक्याने ते धूड पुसलं, बाबांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं, मागची वायर टीव्हीत खुपसली आणि श्वास रोखून खटका दाबला. कुठूनतरी बारीकसा 'पीं' असा आवाज आला, आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली.

"चालतोय!" ती एवढ्यांदा ओरडली की मावशींच्या हातातला चमचा पडला. "बाबा, बघा, चालतोय अजून!"

बाबांनी मान वळवून पाहिलं. बोलणार कुठून? झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. उजवं अंग लुळं पडलं होतं, डावा हात कसाबसा सरकायचा, त्याचं एक बोट काय ते त्यांच्या हुकमात होतं. डोळे मात्र लख्ख होते. त्यांना सगळं कळतं, याबद्दल धाकटीला तिळमात्र शंका नव्हती. शंका दादाला होती.

दादा दुसऱ्या गावात राहायचा. त्याच्या घराजवळ एक शुश्रूषागृह होतं, छान बाग असलेलं, रोज बोलण्याचे व्यायाम करून घेणारं. दादा म्हणायचा, बाबांना तिथे हलवू. धाकटी म्हणायची, माझ्या डोळ्यांदेखत ते या घरातून जाणार नाहीत. फोनवर रोज तेच. शेवटी दादाच म्हणाला, "हे बघ, तू नको सांगूस आणि मीही नको. बाबांना काय हवंय ते बाबांनी सांगू दे. रविवारी येतो. ते 'इथेच राहतो' म्हणाले तर मी एक अक्षर बोलणार नाही. आणि सांगता आलं नाही, तर मी त्यांना घेऊन जाईन."

झालं! धाकटीने कंबर कसली. ती कानाच्या यंत्रांच्या दुकानात कामाला होती, लोकांच्या कानात आवाज पोचवणं हा तिचा धंदाच. मग आपल्याच बापाचा आवाज पोचवायला काय झालं? आधी तिने फोनचा पडदा बाबांच्या बोटाखाली धरून पाहिला. बोट थरथरायचं, भलतंच काहीतरी उघडायचं, बाबा वैतागून डोळे मिटून घ्यायचे. मग तिला माळ्यावरचं हे यंत्र आठवलं. त्याची बटणं जाड, उंच. मुद्दाम दाबल्याशिवाय दबायची नाहीत, आणि दबली की खट्ट असं सांगायची.

आताच्या मुलांना हे यंत्र दाखवलं तर हसतील. टाइपरायटरसारखा नुसता कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळा संसार, पडद्याला घरचा टीव्ही, आणि प्रोग्रॅम चढवायचा तो गाण्याच्या कॅसेटवरून. पण एक गंमत त्याच्यात होती. वरच्या ओळीत लाल बटणं होती, आणि त्यांना वाक्यं शिकवता यायची. एकदा शिकवलं की त्या बटणाच्या एका दाबात अख्खं वाक्य पडद्यावर. मात्र वीज बंद केली की शिकवलेलं सारं साफ पुसलं जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅसेट लावा, पुन्हा शिकवा.

हे यंत्र बाबांनी स्वतःसाठी आणलं होतं, पण आईने ते कधी बळकावलं ते कुणाला कळलंच नाही. बाबा कामाला बसायच्या आधी ती गुपचूप बटणं शिकवून ठेवायची. बाबा हिशेबाचं म्हणून बटण दाबायचे आणि पडद्यावर यायचं: 'अहो, चष्मा डोक्यावर आहे.' दुसरं दाबलं तर: 'अहो, पुरे आता, उठा.' अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. पोरं हसून लोळायची. बाबा खोटं खोटं रागवायचे, डोक्यावर हात नेऊन चष्मा चाचपायचे, तोवर आई मागून येऊन काचा पदराने पुसून तो त्यांच्या नाकावर बसवायची. त्यांना ती क्षणभर नजरेआड होऊ द्यायची नाही. माहेरी गेली तरी संध्याकाळच्या आत परत. ती वारल्यावर तिची कॅसेट एकदा प्लेअरमध्ये गुरफटली, फीत चिंधड्या होऊन बाहेर आली, आणि बाबांनी स्वतःच्या हाताने ती कचऱ्यात टाकली. धाकटीने ते पाहिलं होतं.

तर धाकटीने नवी कोरी कॅसेट आणली आणि बटणं शिकवायला घेतली. डाव्या टोकाचं बटण 'हो', त्यावर हिरवा ठिपका. उजव्या टोकाचं 'नाही', त्यावर पिवळा. बोट थरथरलं तरी गल्लत व्हायला नको म्हणून दोन्ही मुद्दाम लांब. मधे पाणी, दुखतंय, खिडकी उघडा, दमलो. अगदी मधलं एक बटण रिकामंच ठेवलं; पुढे काही सुचलं तर असू दे म्हणून.

"बाबा, तहान लागली का?"

बाबांचं बोट उचललं गेलं. हवेत जरा डगमगलं. आणि खट्ट! डावीकडचं.

'हो.'

धाकटीला आकाश ठेंगणं झालं. तिने बाबांच्या गळ्यात हात टाकला, मावशींना हाताला धरून गरगर फिरवलं, आणि पाणी आणायचंच विसरली. बाबांनी तेवढ्यात 'पाणी'चं बटण दाबून तिला आठवण केली. मग तर ती रडलीच.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिचं कशात लक्ष नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मावशींचा फोन आला.

"ताई, बाबांनी पडद्यावर वेगळंच काहीतरी आणलंय. वाचून दाखवते हं. अहो, चष्मा डोक्यावर आहे."

"काय?"

"आणि खरंच डोक्यावर होता हो. मीच मघाशी तोंड पुसताना वर सरकवलेला."

धाकटी भर दुकानात खदखदून हसली. म्हणजे बाबांनी एकेक अक्षर दाबून वाक्य लिहिलं! तेही आईची नक्कल करून! नुसतं कळतंय असं नाही, माणूस थट्टा करतोय, थट्टा!

"पण ताई," मावशींचा आवाज खाली आला, "त्यांनी एकच बटण दाबलं. ते मधलं, बिनठिपक्याचं. मी समोरच होते."

"तुमचं लक्ष नसेल, मावशी."

संध्याकाळी तिने ते मधलं बटण स्वतः दाबलं. काही नाही. बटणाला काय शिकवलंय ते यंत्राला विचारायची सोय होती, तिने विचारलं. रिकामं. बाकीची बटणंही तपासली, सगळी जशीच्या तशी. "बघा," ती बाबांना म्हणाली, "मावशी उगाच घाबरतात. तुम्ही लिहिलंत ना?" आणि बाबांच्या बोटाने डावं टोक गाठायची वाटही न बघता दादाला फोन लावायला धावली. "दादा, बाबा विनोद करतात! रविवारी ये तर खरा, तुझी बोलती बंद होते की नाही बघ!"

बाबा मात्र त्या दिवसापासून नीट झोपेनात. दुपारी डोळा लागायचा तो दचकून उघडायचा, आणि पलंगामागच्या भिंतीकडे मान वळवायचा प्रयत्न करायचे. दादाने पाठवलेल्या, शुश्रूषागृहाच्या बागेच्या फोटोवरून बोट हलवत नव्हते. 'किती धसका घेतलाय बिचाऱ्यांनी जायचा,' धाकटीला वाटलं, आणि तिचा जीव तुटला.

शनिवारी तिने सुट्टी घेतली. सकाळच्या उन्हात बाबांना उशांना टेकवून बसवलं, कॅसेट चढवली, सराव सुरू केला. बाबांनी 'पाणी'चं बटण दाबलं.

पडद्यावर आलं: 'पाणी नको. आत्ताच प्यायलात.'

बाबांनी पुन्हा दाबलं. तेच. पुन्हा दाबलं. त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

"मावशी, बाबांना पाणी दिलंत का आत्ता?"

"नाही ताई. मी तर आत्ता चप्पल काढतेय."

टेबलावर भांडं होतं. रिकामं, पण आतून ओलं. धाकटीच्या मानेवर काटा आला, आणि गंमत अशी की त्याच क्षणी छातीत आनंदाची एक उकळीही फुटली. हा सूर तिच्या ओळखीचा होता. 'आत्ताच प्यायलात.' 'आत्ताच जेवलात.' कित्येक वर्षांत कानावर पडला नव्हता. तिने वीज बंद केली, पुन्हा चालू केली, कॅसेट पहिल्यापासून चढवली. 'पाणी' दाबलं. 'पाणी.' सगळं ठीक. तिने बाबांना पाणी पाजलं. बाबा घटाघटा प्यायले.

"ताई," मावशी जाताना दारात थांबल्या, "ते धूड माळ्यावर टाकून द्या. बाबांचं ते बाबा डोळ्यांनी सांगतील."

"उद्याचा दिवस फक्त, मावशी. उद्या दादा येतोय."

रविवारी मावशींची सुट्टी होती. दादा भर दुपारी आला, बाबांच्या पाया पडला, आणि ते यंत्र बघून हसला. "खटपटे, हे तू कुठून उकरलंस?"

"हसू नकोस. विचार काय विचारायचं ते."

दादाने खुर्ची पडद्यासमोर ओढली. धाकटी बाबांच्या उशाशी उभी राहिली; तिथून तिला बोटही दिसत होतं आणि पडदाही.

"बाबा, मला ओळखलंत?"

खट्ट. 'हो.'

"मी झाडावरून पडलो होतो, तेव्हा पाय मोडला होता ना माझा?"

बोट हळूहळू उजवीकडे निघालं. सगळी ओळ ओलांडून टोकाला पोचलं. खट्ट.

'नाही.'

"हात!" दादा ओरडला. "हात मोडला होता! अगं, बरोबर आहे!" त्याचे डोळे भरून आले. "बाबा, मला वाटलं तुम्हाला आता काही... माफ करा हो मला."

धाकटीला उड्या माराव्याशा वाटत होत्या. बाबांचा चष्मा डोक्यावर सरकला होता, तो नीट करायचंही तिला सुचलं नाही.

"मग आता खरं सांगा," दादा पुढे झुकला. "तुम्ही सांगाल तेच होईल. इथेच राहायचंय तुम्हाला?"

बाबांचं बोट उचललं गेलं.

ते उजवीकडे निघालं.

धाकटीला वाटलं, थरथरतंय, वळेल आता. ते वळलं नाही. पाणी, दुखतंय, मधलं रिकामं बटण, खिडकी, दमलो. एकेक मागे टाकत ते टोकाला गेलं आणि पिवळ्या ठिपक्यावर टेकलं. सगळा जीव एकवटून बाबांनी ते दाबलं.

खट्ट.

'हो. इथेच.'

दादाची नजर पडद्यावर होती. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बाबांनी पुन्हा दाबलं. तेच बटण.

'हो. इथेच. मी आहे ना.'

बाबांनी डोळे वर करून धाकटीकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते कळायला तिला कुठल्याही यंत्राची गरज नव्हती. ती नजर ओरडत होती. धाकटी एक शब्द बोलली असती तर पुरलं असतं. दादा, पडद्याकडे नको, बोटाकडे बघ.

"बघ," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. "मी म्हणत नव्हते?"

दादा उठला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जिंकलीस, खटपटे. मी त्या लोकांना कळवून टाकतो, जागा नको म्हणून." फोन कानाला लावत तो बाहेरच्या खोलीत गेला.

धाकटीने वाकून भिंतीतली वायर उपटली. टीव्ही विझला. बाहेरून दादाचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

"उद्या पुन्हा विचारीन हं, बाबा," ती पाठमोरीच कुजबुजली. "उद्या नीट विचारीन." वायर गुंडाळून ती वळली.

बाबांचं बोट अजून उजव्या टोकाच्या बटणावरच होतं, दाबलेलं. आणि डोक्यावरचा चष्मा आता त्यांच्या नाकावर होता. काचा स्वच्छ पुसलेल्या होत्या.