कॅसेटमधल्या मोकळ्या जागा

केयूर नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि त्याचा कॉलेजातला कॉम्प्युटर टिळकवाडीच्या घरात तसाच पडून राहिला. त्याच्या आईला, मधुवंतीला, ते बघवेना. जन्मभर हायस्कूलला सायन्स शिकवलेली बाई ती. वापराविना पडलेली वस्तू दिसली की तिचे हात शिवशिवायचे. निवृत्त झाल्यावर तिने केयूरला फोनवर धरून तो डबा उघडला, ब्रशने धूळ काढली, जुनी हार्डडिस्क काढून नवी बसवली. मग कॉम्प्युटर असा काही पळायला लागला की केयूर म्हणाला, "आई, आता हा माझ्या ऑफिसातल्यापेक्षा बरा आहे."

त्यानंतर घरात काही वाया जाईना. लग्नाचे अल्बम स्कॅन झाले. केयूरचा जुना टॅब स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रेडिओचं काम करू लागला. बोटभर आकाराचा त्याचा गाण्यांचा प्लेयर ड्रॉवरमध्ये सापडला, तोही चार्ज होऊन पुन्हा गायला लागला.

आणि मग तिच्या नवऱ्याला, शरदरावांना, पक्षाघाताचा झटका आला.

शरदराव बेळगावच्या कोर्टातले वकील. मूळचे निपाणीचे. मराठी, कन्नड, इंग्रजी, जी भाषा समोर येईल तीत बोलणारे आणि बोलण्यावरच पोट असलेले. एका सकाळी ते दाढी करता करता खाली बसले. उजवा हात नि पाय काही महिन्यांत बऱ्यापैकी सावरले. वाचा मात्र गेली. समजायचं सगळं. उत्तर द्यायला तोंड उघडलं की एकच शब्द बाहेर पडायचा. "हे… हे…"

सुरुवातीला ते चिडायचे. पुढे तेही थांबलं. कोणी भेटायला आलं की ते खिडकीकडे तोंड करून बसू लागले.

वाचेचे उपचार करायला नीलम नावाची मुलगी घरी यायची. ती म्हणाली, "टीचर, यांचा जुना आवाज कुठं रेकॉर्ड केलेला आहे का? आपलाच आवाज कानावर पडत राहिला तर कधी कधी फरक पडतो."

मधुवंतीने कायद्याच्या पुस्तकांचं कपाट उपसलं. मागच्या रांगेत एक कॅसेट मिळाली. वर शरदरावांच्या अक्षरात, 'निपाणी, परशाच्या घरी'.

परशराम हा शरदरावांचा लहानपणापासूनचा मित्र. तंबाखूच्या वखारीत नोकरीला होता, बायकोचं नाव मनू. तवंदी घाटात अपघातात गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याने नवा टेपरेकॉर्डर घेतला, त्या दिवशीचं हे रेकॉर्डिंग. केयूरचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

तिने घरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर आवाजाची रेघ धावू लागली. बोललं की डोंगर, थांबलं की सपाट माळ. आणि स्पीकरमधून तिच्या लग्नानंतरची पहिली वर्षं खोलीत आली.

"चालू हाय काय रं ते? लाल दिवा लागलाय बघ." हा परशराम.

"पाणी दे रे आधी. उन्हातनं आलोय." हे शरदराव. आवाज कसा, नव्या चांदीच्या भांड्यासारखा.

"मनू, च्या आण गं, वकील आलाय!"

"परशा, हे यंत्र माझी साक्ष घेतंय की काय?"

मग हसणं, बशीचा आवाज, कोर्टातल्या कन्नड कारकुनाची नक्कल. आणि शेवटी शरदरावांचं वाक्य, "आमच्या मधूला ऐकवतो हे. म्हणेल, एवढा गोड आवाज तुमचा नव्हेच."

ते वाक्य ऐकून मधुवंती खुर्चीतून उठली आणि उगाचच गॅलरीत जाऊन आली.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. रेकॉर्डिंग कापून छोटे छोटे तुकडे केले. पाणी. ऊन. साक्ष. बस. टॅबवर प्रत्येकाला एक चित्र लावलं. तुकडे त्या छोट्या प्लेयरमध्ये भरले. दोनच बटणं, डाव्या हाताला जमतील अशी. सकाळी नाश्ता झाला की शरदराव व्हरांड्यात इअरफोन लावून बसू लागले. एक तुकडा मात्र तिने त्यात घातला नाही, शेवटचा. तो ऐकून ते खचतील असं तिला वाटलं. ती स्वतःशी तसं म्हणाली खरी.

एका सकाळी ती कुंड्यांना पाणी घालत होती. मागून आवाज आला.

"पाणी."

तिच्या हातातला तांब्या कलंडला. शरदराव तिच्याकडे बघत होते. आवाज खरखरीत, वय झालेला, दमलेला. पण शब्द स्वच्छ.

"पाणी," ते पुन्हा म्हणाले आणि लहान पोरासारखे हसले.

ती बातमी केयूरला फोनवर सांगताना तिने कौतुकाने मूळ रेकॉर्डिंग लावलं. परशराम म्हणाला, चालू हाय काय रं ते. मग थोडी शांतता. मग शरदराव म्हणाले, "…दे रे आधी. उन्हातनं आलोय."

तिने मागे नेऊन पुन्हा लावलं. पडद्यावर दोन डोंगरांच्या मध्ये एक सपाट जागा होती.

"फाइल खराब झाली असेल," केयूर म्हणाला.

"खराब झाली तर मधला एकच शब्द कसा जाईल रे? बाकी सगळं खणखणीत आहे. तुला मी मेलवर पाठवलेली प्रत लाव बघू."

पलीकडून माउसचे क्लिक ऐकू आले.

"आई, इथंही नाहीये."

मग तिने मूळ कॅसेटच टेपरेकॉर्डरमध्ये घातली. तिथेही तेच. शब्द पुसला तर टेपची खरखर तरी मागे राहायला हवी. त्या जागी खरखरही नव्हती. विहिरीत डोकं घातल्यावर कानाला जाणवते तशी शांतता, आणि मग पुन्हा दुपारचं ऊन, बशा, माणसं.

मधुवंती घाबरली नाही. शाळेत जे शिकवलं तेच तिने केलं. पेनड्राइव्हवर प्रत काढली, सीडीवर काढली, एक फोनमध्ये ठेवली. मग बघत राहिली. शरदरावांनी 'ऊन' म्हटलं, सगळ्या प्रतींतून ऊन गेलं. भाजीवालीला मान हलवून ते कन्नडमध्ये "आयतु", म्हणजे 'झालं, ठीक', म्हणाले, आणि भाजीवाली टोपली तशीच टाकून हसत राहिली. संध्याकाळी रेकॉर्डिंगमधल्या कारकुनाच्या नकलेतून 'आयतु' नाहीसा झाला. जात होते ते फक्त शरदरावांचे शब्द. परशरामचं बोलणं जसंच्या तसं होतं. आता तो मोकळ्या जागांशी गप्पा मारायचा, कोणी न केलेल्या विनोदांवर टाळी द्यायचा.

नीलम थक्क झाली. "टीचर, एवढी प्रगती मी पाहिली नाही. काय करताय तरी काय?"

"ऐकवते," मधुवंती म्हणाली. आणखी काय सांगणार?

पावसाळा सरला तोवर शरदराव वाक्यं बोलू लागले. अडखळत, पण बोलू लागले. आता पाहुण्यांकडे तोंड करून बसायचे. कोर्टातले जुने सहकारी आले तर त्यांना मुद्दा समजावून द्यायचे. एकच गोष्ट होत नव्हती. बायकोला हाक मारायची म्हटलं की ओठ हलायचे आणि अडायचे.

"ही… ही…" ते बोट दाखवायचे. मग डोळे भरायचे.

"असू दे हो," ती म्हणायची. "मला कळतंय ना."

पण असू द्यायला तिचं मन तयार होईना. कारण कुठं अडलंय ते तिला ठाऊक होतं. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये शरदरावांचं आता तेवढं एकच वाक्य शिल्लक होतं. तो तरुण, गोड आवाज जगात आणखी कुठेही नव्हता. दुपारी ते झोपले की ती हेडफोन लावायची आणि ऐकायची. 'आमच्या मधूला ऐकवतो हे.'

एके दिवशी त्यांनी तिचा पदर धरला, तोंड उघडलं आणि नुसताच श्वास सोडला. मग मान खाली घालून म्हणाले, "येत नाही. सगळं येतं. तेवढं येत नाही."

ती उठली. कॉम्प्युटरसमोर बसून तिने ते वाक्य एकदा ऐकलं. डोळे मिटून आणखी एकदा ऐकलं. मग तो तुकडा प्लेयरमध्ये भरला आणि इअरफोन आपल्या हाताने त्यांच्या कानात घातला.

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खालून, अंगणातून, हाक आली.

"मधू! टॉवेल खाली पडलाय."

ती कठड्याला धरून उभी राहिली. मग खाली येऊन आधी आतल्या खोलीत गेली. पडद्यावरची शेवटची रेघ सपाट होती. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. पण बाहेरून पुन्हा हाक आली, या खेपेला जरा वैतागून, आणि ती ओ देत पळाली.

दिवाळीनंतर दोघं निपाणीला गेली. शरदरावांचाच हट्ट होता. मनूला भेटायचं, परशाच्या मागं मी तिच्याकडं बघितलंच नाही म्हणाले. हायवे सोडून गाडी गावात शिरली तसा तंबाखूचा तिखट वास आला आणि शरदरावांना शिंक आली. "हं, आलं गाव," ते म्हणाले.

मनुबाई एकटीच राहत होती. लेक कोल्हापूरला दिलेली. घर स्वच्छ होतं, पण भिंतींचा रंग पोपडे धरून निघालेला, आणि बाई काटकुळी झालेली.

"भावजी, बोलताय की हो!" तिने तोंडाला पदर लावला. "मला सांगितलं हुतं वाचा गेली म्हणून."

"गेली होती," शरदराव सावकाश म्हणाले. "परत आली."

चहा झाला. मधुवंतीने विषय काढला, त्या कॅसेटचा. मनुबाई पुढे सरकून बसली.

"वहिनी, एक बोलू? त्यास्नी जाऊन एवढी वर्षं झाली. तोंड रोज दिसतंय बघा डोळ्यांफुडं. आवाज मातर आठवंना झालाय. लई याद करती. न्हायच येत."

मधुवंतीचा हात पर्सवर क्षणभर थांबला. पण परशरामच्या बोलण्यातली एक मात्राही आजवर हललेली नव्हती. आणि गेलेल्या माणसाचा आवाज जाऊन जाऊन जाणार कुठं, असं तिच्यातल्या सायन्सच्या टीचरने विचारलं. तिने रेकॉर्डिंग मनुबाईच्या मोबाइलमध्ये घातलं. कुठं दाबायचं, आवाज कसा वाढवायचा, सगळं दाखवलं.

परशरामचा आवाज खोलीत उमटला. "मनू, च्या आण गं, वकील आलाय!"

"आणती की," मनुबाईच्या तोंडून आपसूक निघालं. आणि मग ती हसली. शरदरावही हसले. तिघं जण डोळे पुसत हसत बसले.

त्यानंतर मनुबाईचे फोन येऊ लागले. बाईचा आवाजच पालटला होता. रोज ऐकती म्हणाली. पोटभर जेवती म्हणाली. भिंतींना रंग दिला, पिवळा. लेक बघून गेली, आईचं दुखणं पळालं म्हणाली. मधुवंतीला फार बरं वाटायचं. एक जुनी कॅसेट, एक कॉम्प्युटर, आणि दोन घरांत माणसं पुन्हा उभी राहिली. फोन ठेवल्यावर ती शरदरावांना सगळं सांगायची. तेही खूश व्हायचे.

मग फोन जरा कमी झाले. माणूस कामात गुंतलं की होतं तसं.

एका दुपारी तिने नवी हार्डडिस्क आणली होती. जुन्या सगळ्या गोष्टी तिच्यावर हलवायच्या होत्या. शरदराव व्हरांड्यात मोठ्याने पेपर वाचत होते. सराव म्हणून वाचायचे. त्यांचा आवाज ऐकत तिने फाइली हलवल्या. निपाणीची फाइल आली तेव्हा उघडून बघितली. सवयीने.

पडद्यावर सपाट माळ होता.

पुढे थोडे डोंगर होते. तिने हेडफोन लावला.

"…च्या आण गं, वकील आलाय."

तिने मागे नेलं. पुन्हा ऐकलं. 'मनू' नव्हतं. त्याच्या आधीचं 'लाल दिवा लागलाय बघ' नव्हतं. 'चालू हाय काय' नव्हतं. खरखरही नव्हती.

बाहेर शरदराव पेपर वाचत होते.

तिने फोन उचलला आणि मनुबाईचा नंबर लावला. लगेच उचलला गेला.

"मनुबाई, मी मधुवंती बोलतेय. तुम्ही ते रेकॉर्डिंग…"

"वहिनी," मनुबाई कुजबुजली. आवाजात हसू मावत नव्हतं. "हळू बोला हं जरा. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."