कार्डावर एक

शिडीमामाचं खरं नाव बंबखान्यात कुणाच्या लक्षातही नव्हतं. खांद्यावर शिडी असायची म्हणून शिडी, आणि सख्खी भाची त्याच्याच हाताखाली कामाला म्हणून मामा. तिच्या तोंडून ऐकून ऐकून सगळेच त्याला मामा म्हणायला लागले. साहेबसुद्धा.

आग विझवायची नसेल त्या दिवशी मामा आणि भाची घरोघर जाऊन धुराचे अलार्म बसवत. वाटीएवढं पांढरं डबडं, छताला लावायचं, धूर लागला की कान फाटेपर्यंत ओरडतं. बसवणारे पुष्कळ असतात, पण मामाची एक रीत होती. अलार्म बसवला की घरच्या माणसाला तो झोपतो त्या खोलीत पाठवायचा, दार लावून घ्यायला सांगायचं आणि मग बटण दाबायचं. आतून "ऐकू आलं" अशी हाक आली तरच काम झालं. नाही आली, तर त्या खोलीत दुसरा अलार्म. मग घरात किती माणसं आणि कोण कुठं झोपतं ते कार्डावर लिहायचं. कार्डं बंबातल्या पेटीत राहत. आग लागली की कार्ड काढायचं, तेवढी माणसं बाहेर आणायची. एक कमी नाही, एक जास्त नाही.

असंच एकदा दुपारी ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी गेले. बैठं घर. पुढच्या खोलीत मशीन, इस्त्रीचं टेबल आणि चिंध्यांचा ढीग. तिथून एक लांबडा बोळ मागे गेलेला, त्याच्या टोकाला शेजारी शेजारी दोन दारं.

"मावशी, मोठ्यानं ओरडायचं हं," भाची म्हणाली.

"काय?"

"मोठ्यानं!"

"अगं, मोठ्यानंच बोल. मला कमी ऐकू येतं, आणि तू कानात कुजबुजल्यासारखी बोलतेस."

मामा हसला. बाई बोळातून मागे गेल्या, दार लागल्याचा आवाज आला. मामानं शिडीवरून बटण दाबलं. डबडं किंचाळलं. थांबलं.

"ऐकू आलं," मागून आवाज आला. स्वच्छ, शांत. कुणी रोजचं उत्तर द्यावं तसा.

"चला, झालं," मामा म्हणाला आणि खाली उतरला. कार्ड काढून लिहायला लागला. जरा वेळानं दार उघडून बाई बाहेर आल्या, कपाळाला आठ्या.

"अहो, किती वेळ ताटकळत ठेवायचं माणसानं? वाजवणार आहात की नाही?"

मामानं भाचीकडं बघितलं. भाचीनं मामाकडं.

"आत्ता उत्तर कुणी दिलं?" मामानं मोठ्यानं विचारलं. "दुसऱ्या खोलीत कोण आहे?"

"कुणी नाही. ती बहिणीची खोली. तिला जाऊन नऊ वर्षं झाली." बाईंनी कमरेची किल्ली काढली. "बघा हवं तर."

कुलूप गंजलेलं होतं, दोनदा फिरवल्यावर निघालं. आत एक पलंग, त्यावर पांढरी चादर, भिंतीवर आरसा. बंद खोलीचा असतो तसा कोंदट वास. पलंगाखाली बघितलं, दारामागं बघितलं. मांजरसुद्धा नव्हतं.

"माझे कान म्हणजे तीच होती," बाई दारातूनच म्हणाल्या. "दूध उतू गेलं, दार वाजलं, सगळं ती ऐकायची आणि मला येऊन हलवायची. हाकेचा काय उपयोग?"

शेजारच्या घरातलं कुणी ओरडलं असेल, असं मामानं स्वतःला समजावलं. बाईंच्या खोलीत छताला, अगदी उशाच्या वर, दुसरा अलार्म ठोकला. कार्ड मात्र हातात तसंच राहिलं. खोटा आकडा लिहिला तर घरात नसलेल्या माणसासाठी आपलंच माणूस आगीत शिरतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं लिहिलं, 'एक'.

"मामा, नक्की ना?" भाचीनं विचारलं.

"तुला दुसरं कुणी दिसलं का?"



दोन महिने गेले. एका दुपारी आगीची वर्दी आली आणि मामानं पत्ता ऐकला मात्र, त्यानं पेटीतलं ते कार्ड शोधून काढलं. इस्त्री चालू राहिली होती, पुढची खोली पेटली होती. बंब पोचला तेव्हा बाई आपल्या खोलीच्या मागच्या दारानं निघून अंगणात उभ्या. अनवाणी, खोकत, पण धडधाकट.

"अलार्म ऐकलात ना मावशी?" मामानं तोंड कानाजवळ नेऊन विचारलं.

"नाही हो. गाढ झोपले होते. कुणीतरी पाय धरून हलवलं."

"कोणी?"

बाईंनी घराकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

भाची तोवर मास्क लावून, पाण्याचा पाईप घेऊन बोळात शिरली होती. मामा पेटीतलं कार्ड घेऊन बंबापाशी उभा. आत दोन्ही अलार्म ठणाणा करत होते. तेवढ्यात हातातलं वॉकीटॉकी खरखरलं.

"मामा... मागच्या खोलीत कुणीतरी आहे."

"मावशी बाहेर आल्यात. फिर मागे."

"नाही, दुसऱ्या खोलीत. कुलूप आहे, पण आतून बाई बोलतेय..."

"काय बोलतेय?"

खरखर. मग भाचीचा आवाज, अगदी बारीक. "ऐकू आलं म्हणतेय. सारखं तेच... मी कुलूप तोडते."

तीस वर्षांत हाक आली आणि मामा गेला नाही, असं कधी घडलं नव्हतं. त्यानं कार्डाकडं बघितलं. अक्षर त्याचंच होतं.

"कार्डावर एक आहे," तो म्हणाला. "एक बाहेर आलीय. आत कुणी नाही."

"मामा, मी ऐकतेय ना..."

"तुला तुझ्या आईची शपथ आहे! ती माझी बहीण आहे, तिला काय तोंड दाखवू मी? फिर!"

क्षणभर नुसती खरखर. मग बूट धावल्याचा आवाज. भाची दारातून बाहेर पडली आणि तिच्या मागं बोळाचं छत खाली आलं, एका दमात, भांड्यांचं कपाट कोसळावं तसं.

आग विझायला संध्याकाळ झाली. राडारोडा बाजूला करून दोघं मागं गेली. बहिणीच्या खोलीचं कुलूप जसंच्या तसं होतं. मामानं ते तोडलं. आग इथवर आली नव्हती. पण दारावरच्या झरोक्यातून धूर भरला होता, आणि भिंती, आरसा, छत, सगळ्यावर काजळीचा थर बसला होता.

पलंगावरची चादरही काळी झाली होती. मधोमध सोडून.

धुरात माणूस पडून राहिलं की त्याच्याखालची चादर पांढरी राहते. हे दोघांनाही माहीत होतं. असल्या जागा त्यांनी किती तरी बघितल्या होत्या. इथं माणूस नव्हतं, नुसती जागा होती. बारीक बाईची, पोटाशी गुडघे घेतलेली.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "तिचे हात..."

मामानं बॅटरी उशीवर धरली. डोक्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना हातांची दोन पांढरी कोपरं बाहेर आली होती. आवाज सहन होईना म्हणून कुणी दोन्ही कान गच्च दाबून धरावेत, तशी.