भूल दिलेली भिंत

ही घडलेली गोष्ट आहे.

खोटी वाटली तर वाटू द्या. मावशीला तुमच्या विश्वासाची काडीइतकी गरज नाही. तिला कुणाचीच नसते.

आणि रात्र शोधत बसू नका. रविवारची दुपार होती. लख्ख ऊन. दिवे गेले नव्हते, कुत्रं रडत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, त्याची पुढची खोली, आणि खिडकीसमोरची एक भिंत.

बस. एवढंच.

मावशी दातांची डॉक्टर. आयुष्य दुसऱ्याच्या दवाखान्यात गेलं. दाढा काढायच्या हिने, पाटीवर नाव मोठ्या डॉक्टरांचं. नोकरी सोडली तेव्हा ते म्हणाले होते, "घरात दवाखाना? सोफ्यावर झोपवून दात काढणार का?"

त्या रविवारी संध्याकाळी तिच्या दवाखान्याचं उद्घाटन होतं. मोठ्या डॉक्टरांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांना खुर्चीसमोर तिची पदवी दिसायला हवी होती. इतकी वर्षं ती फ्रेम पलंगाखाली पडून होती, कारण त्यांच्या भिंतींवर तिला जागा नव्हती.

आता स्वतःची भिंत होती. पण ती काही घेईना.

खिळा मारला, वाकला. दुसरा मारला, उडून कपाटाखाली गेला. काकांनी चिकटवायचे हुक लावले. रंगाचा पापुद्रा घेऊन तेही खाली आले.

"व्हिडिओत तर छान चिकटतात गं," काका म्हणाले.

"व्हिडिओत तुम्ही नसता ना."

मग सुताराला बोलावलं. त्याने ड्रिल लावलं, थोडं आत घातलं... आणि थांबला. भिंतीवर तळवा ठेवून उभा राहिला.

"मॅडम, ही भिंत सोडा."

"का? रुसलीय का?"

तो हसला नाही. चहा पिऊन येतो म्हणून गेला.

आला नाही. ड्रिल तिथेच जमिनीवर. फोन वाजतोय, कुणी उचलत नाही.

"एकजात सगळे भित्रे," मावशी म्हणाली. काकांना आणखी मजबूत हुक आणायला दुकानात पिटाळलं, म्हणजे ते मधे मधे करणार नाहीत. आणि तिने स्वतः ड्रिल उचललं. जन्मभर दुसरं केलं काय होतं?

ड्रिल आत गेलं.

विटेची पूड लाल पडते. सिमेंटची करडी.

ही पिवळट पांढरी होती. ओलसर.

आणि वास आला...

तो वास तुम्हीही घेतलाय, खुर्चीत आ करून पडलेले असताना. किडलेल्या दाढेवर मशीन फिरतं तेव्हा येतो तो. जरासा जळका. मावशीच्या कपड्यांना तो रोज यायचा. पण कपडे तर धुतलेले होते.

तिने ड्रिल थांबवलं. टोक आतच होतं. आणि सवयीने, निव्वळ सवयीने, तिच्या तोंडून गेलं,

"दुखतंय?"

"...अं."

तोंड उघडं, जीभ दाबलेली, गालात कापूस. पेशंटला दुसरं काही बोलताच येत नाही, तेव्हाचा तो आवाज.

"अहो, चाळे बंद करा!" काका परत आले असतील असं समजून ती आतल्या खोलीकडे बघून ओरडली. "या वयात शोभत नाही!"

मुख्य दाराचं कुलूप उघडलं.

काका आत आले. हातात हुकांचं पाकीट.

"कुणाशी बोलतेस?"

मावशीने घड्याळाकडे पाहिलं. पाहुणे यायला फार वेळ नव्हता. दुसरं कुणी असतं तर चप्पल घालून पळालं असतं.

मावशीने सिरिंज भरली.

"अगं, भिंतीला?"

"मग काय तुम्हाला देऊ?"

सुई भिंतीत जात नाही. कुठल्याच भिंतीत जात नाही.

ही गेली... हिरडीत जाते तशी.

थोडा वेळ ती खुर्चीत बसून राहिली. मग टकटक करून विचारलं, "बधिर झालं?"

काही नाही.

ड्रिल फिरलं. स्क्रू बसला, घट्ट. फ्रेम लागली. एकदम सरळ.

"बघा," ती काकांना म्हणाली. "पुरुषांच्या हातून भिंतसुद्धा सरळ होत नाही."

संध्याकाळी खोली माणसांनी भरली. मोठे डॉक्टर शेवटी आले. खुर्ची पाहिली, पडदा पाहिला, नाक मुरडलं. मग पदवीसमोर उभे राहिले.

"हं. आत्ता मिळाली का?"

दोघंतिघं हसले. मावशी हसली नाही.

"वाकडी लावलीय," म्हणत त्यांनी फ्रेमची कड धरली. सरळच होती ती. त्यांनी उगाच दाबली.

"...अं."

खोलीत आवाज होते, कुणाचं लक्ष गेलं नाही. पण मोठे डॉक्टरही दातांचेच. तो आवाज त्यांनी मावशीपेक्षा जास्त वर्षं ऐकला होता.

त्यांचा हात फ्रेमवरच राहिला. मान हळूहळू मावशीकडे वळली. चेहऱ्यावरचा तो नेहमीचा माज... नव्हता.

"याची भूल उतरतेय," ते हलक्या आवाजात म्हणाले.

टेबलावर ठेवावा तसा त्यांनी हातातला सरबताचा ग्लास खुर्चीवरच ठेवला, आणि लिफ्टचीही वाट न पाहता जिन्याने खाली गेले.

मावशी पडद्याआड गेली. सिरिंज भरून आली. पाहुण्यांकडे पाठ करून, फ्रेम पुसतेय असं दाखवत, तिने सुई टोचली.

दवाखाना आज जोरात चालतो. रोज सकाळी पहिला पेशंट येण्याआधी ती त्या भिंतीपाशी जाते. आधी एका इंजेक्शनवर दिवस निघायचा. हल्ली दुपारी पुन्हा द्यावं लागतं. परवा मी तिथे होतो, तेव्हा जेवण अर्धवट टाकून उठली.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, फ्रेम दुसरीकडे लाव ना. काढून टाक तो स्क्रू."

ती कुणालाही मूर्ख म्हणायला कमी करत नाही. मला त्या दिवशी म्हणाली नाही. दार लोटून घेतलं आणि माझ्या अगदी जवळ आली.

"स्क्रू तोंडात आहे म्हणून नुसतं अं करतं," ती म्हणाली. "काढला की बोलायला लागेल."