डागाचं वर्तुळ

बायकोची हृदयाची तपासणी त्यानं स्वतःच्या पाळीत लावून घेतली. घरच्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, असा विभागाचा रिवाज होता. पण तिच्या छातीवर दुसऱ्या कुणी तारा चिकटवाव्यात, हे त्याच्या पचनी पडेना. वय अठ्ठावन्न, लग्नाला सहा वर्षं झालेली, तरी हा पोरकटपणा सुटला नव्हता.

शिरेतून दिलेलं किरणोत्सारी औषध रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जातं आणि कॅमेरा ते टिपतो. पडद्यावर उजळ वर्तुळ उमटतं; जिथं रक्त पोचत नाही तिथं काळं. ज्याला औषध दिलं, त्याचंच चित्र निघतं. पंचवीस वर्षांत याला अपवाद त्यानं पाहिला नव्हता.

विश्रांतीचं चित्र स्वच्छ आलं. मग तिला फिरत्या पट्ट्यावर चालवलं, धाप लागल्यावर पुन्हा औषध दिलं, थोड्या वेळानं टेबलावर निजवलं.

या खेपेला वर्तुळं दोन आली.

ती हलली असणार, असं धरून त्यानं चित्र पुन्हा सुरू केलं आणि काचेपलीकडून विचारलं.

"नाही हो, दगडासारखी पडलेय," ती म्हणाली. "का? मशीनला मी दोन माणसांएवढी दिसते?"

"गार लागतंय का?"

"मघाशी लागत होतं. आता पाठीला ऊब आहे."

दुसरं वर्तुळ आता पहिल्याला टेकलं होतं. त्याच्या खालच्या कडेला, घड्याळातल्या पाचाच्या जागी, काळा डाग होता.

डाग ओळखीचा होता. सात वर्षांपूर्वी याच टेबलावर तिच्या पहिल्या नवऱ्याचं चित्र त्यानंच काढलं होतं. ती काचेशी उभी राहून रडत होती, आणि तो पडद्यापेक्षा तिच्याकडेच जास्त पाहत होता. महिन्याभरात तो माणूस गेला. लग्नानंतर तिनं त्याचं नाव कधी काढलं नाही. आपण जिंकलो, असं हा समजून चालला होता.

"कुणाची आठवण येतेय का?" त्याचा आवाज चिरका लागला.



"तुम्ही तुमचं काम करा ना," ती हळूच म्हणाली.

दोन्ही वर्तुळं एकाच ठेक्यात आवळत होती, सैल होत होती.

ती उठली. टेबल रिकामं झालं.

पडद्यावर एक वर्तुळ उरलं. डागाचं.

मग तेही सरकलं, ती उतरली त्या बाजूला, आणि पडदा काळा झाला.

त्यानं मान वर केली. ती खोलीबाहेर पडली होती, पण दार तिनं लगेच सोडलं नव्हतं. मागून कुणी येत असलं की धरतात, तसं क्षणभर धरून ठेवलं होतं.